नारळाच्या आळ्यातलं मीठ

भिकाजी पाष्टे ओमानमध्ये, मस्कतजवळच्या रुसैलला, जमिनीखालच्या केबल टाकणाऱ्या एका कंपनीत आहेत. गाव गुहागर तालुक्यातलं अडूर, वय साठीच्या थोडं अलीकडे. केबल कुठे तुटली आहे ते शोधणं हे त्यांचं काम. कानाला हेडफोन लावायचा, हातातली काठी जमिनीवरून फिरवत चालायचं, आणि ज्या जागी आवाज पडेल तिथे खणायला सांगायचं. या कामात डोळ्यांचा उपयोग कमी, असं ते म्हणतात.

सुट्टीच्या दिवशीही ते थोडंफार हेच करतात, फक्त यंत्र वेगळं असतं. त्यांच्याकडे सोनं शोधायचं एक जुनं मेटल डिटेक्टर आहे. साइटवरच्या एका सुदानी वेल्डरने ते आपल्या मुलखात वापरलं होतं. ओमान सोडून कायमचा परत जाताना त्याने ते पाष्ट्यांना देऊन टाकलं. यंत्राला पडदा नाही, आकडे नाहीत. फिरवायची तीन बटणं आणि दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती, एवढंच. चकतीखाली धातू आला, की हेडफोनमधली बारीक घरघर किंचित चढते. नवी यंत्रं वस्तू सोन्याची की लोखंडाची याचा अंदाजही सांगतात. हे फक्त आवाज करतं, आणि त्या आवाजाचा अर्थ माणसाने लावायचा असतो.

कोणाचं कर्णफूल अंगणात पडलं, कोणाची अंगठी भाजीच्या वाफ्यात गेली, की बातीना किनाऱ्यावरची मराठी घरं पाष्ट्यांना फोन करतात. घरमालकाने बोलावल्याशिवाय ते यंत्र गाडीतून काढत नाहीत. जुने किल्ले, पडक्या वस्त्या, उघडी वाळवंटं यांच्या वाटेला जात नाहीत.

त्यांची तयारी बघण्यासारखी असते. सेल नवे हवेत, चार्ज करून वापरायचे नकोत, कारण त्यांचा जोर आधीच कमी असतो. चकतीपासून वर येणारी वायर दांड्याला घट्ट गुंडाळून चिकटपट्टीने बांधलेली. ती सैल राहिली तर चालताना हलते आणि यंत्र खोटं बोलतं. एसी गाडीतून काढलं की यंत्र आधी सावलीत थोडा वेळ सुरू करून ठेवायचं, म्हणजे ते बाहेरच्या उन्हाला सरावतं. मोबाइल गाडीत. कंपनीच्या सेफ्टी बुटांच्या टोकात पोलाद असतं, म्हणून ते काढून साध्या रबरी चपला. कमरेचा पट्टाही काढतात, त्यामुळे पँट नाडीची असते. मग चकती जमिनीवर वरखाली करत, तिथल्या मातीचा स्वतःचा आवाज जाईपर्यंत एक बटण फिरवायचं. शेवटी यंत्राचा जोर. नवशिका माणूस तो पूर्ण वाढवतो. पाष्टे वाढवतात आणि घरघर स्थिर होईपर्यंत पुन्हा उतरवतात. "जास्त ओरडणाऱ्याला जास्त समजतं असं नसतं," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

एवढी शिस्त असलेल्या माणसाच्या हातून त्याच किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याला चूक झाली. ती त्यांनी कशी निस्तरली, ते सांगण्यासारखं आहे.

खाबुऱ्यात जहूर मुकादम यांचं किराणा आणि भाजीचं दुकान आहे. ते मूळचे दापोलीकडचे. समुद्राच्या बाजूला एका ओमानी मालकाची बाग त्यांनी भाड्याने घेतली आहे. तिथल्याच घरात ते आणि त्यांची बायको सुरैया राहतात. बाग बघतो कासम. तो श्रीवर्धनचा, पन्नाशी ओलांडलेला, जहूरकडे बरीच वर्षं काढलेला. बागेत खजूर आहे, लिंबू आहे, पण कासमचा जीव सलालाहून आणून लावलेल्या नारळांवर. घराच्या मागच्या बाजूला त्यांची एक रांग आहे आणि प्रत्येकाभोवती त्याने कोकणातल्यासारखं गोल आळं केलं आहे.

सुरैयाची सोन्याची साखळी हरवली. बारीक, केसासारखी, ओमानला निघताना आईने तिच्या गळ्यात घातलेली. आई आता नाही. मासे साफ करायला बसताना सुरैया ती काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. त्या दिवशीही ठेवली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. काम झाल्यावर बघितलं तर खिडकी रिकामी. त्याच खिडकीखालून कासम रोज माशांच्या घाणीची बादली उचलून न्यायचा. घरात दुसरं कोणी आलं नव्हतं.

कासमला कोणी काही बोललं नाही. घर झाडून झालं, गाद्या उलटून झाल्या. मग सुरैया घाणीची बादली स्वतः फाटकाबाहेर नेऊन टाकायला लागली. कासम चहाला पडवीवर यायचा बंद झाला. कप घेऊन तो पंपाच्या खोलीशी जाऊन बसायचा. जहूरने दुकानात एकदोघांजवळ विषय काढला, आणि शुक्रवारच्या नमाजनंतर तो बाकीच्यांपर्यंत गेला. मग कोणीतरी पाष्ट्यांचं नाव सुचवलं.

पाष्टे आले तेव्हा जहूरने त्यांना साखळी हरवल्याचं सांगितलं, कासमबद्दल काही सांगितलं नाही. पाष्ट्यांनी अंगण, पडवीची कड, मोरीचं पाणी जातं ती जागा, सगळीकडे सावकाश चकती फिरवली. बाटल्यांची झाकणं निघाली, खिळे निघाले. मग ते नारळांकडे वळले आणि यंत्र किंचाळायला लागलं. आळ्याच्या आत चकती नेली की घरघर एकदम चढायची, बाहेर आणली की उतरायची. प्रत्येक झाडापाशी तेच. किनाऱ्यालगतच्या या पट्ट्यात विहिरींचं पाणी मचूळ झालेलं आहे हे पाष्ट्यांना माहीत होतं. ओली खारी माती वीज वाहून नेते आणि अशा जुन्या यंत्राला ती धातूसारखीच वाटते. त्यांनी जोर उतरवला, आणखी उतरवला, यंत्र शांत झालं. त्या शांततेत सगळी आळी फिरून काढली. काही वाजलं नाही.

काही लागलं नाही, असं सांगून ते जेवले आणि रुसैलला परतले.

दोन दिवसांनी जहूरचा आभाराचा फोन आला. मनावरचं ओझं उतरलं, म्हणाले. साखळी बागेत नाही, हे मशीननेच सांगितलं. म्हणजे ती कुठे गेली ते उघड आहे. पोलिसांत जायचं नाही, माणूस जुना आहे, गावाकडचा आहे. रविवारचं तिकीट काढलंय, त्याला लांबच्या सुट्टीवर पाठवतोय. परत बोलवणार नाही एवढंच.

पाष्ट्यांनी कोणाला पाठवताय ते विचारलं. कासमला, असं उत्तर आलं.

"जहूरभाई, मशीन नाही म्हणालं नव्हतं," पाष्टे म्हणाले. "मशीन गप्प होतं. आणि गप्प ते आपणहून नव्हतं, मी केलं होतं."

जहूरला यातला फरक कळेना. पाष्ट्यांनी समजावून सांगितलं. माती ओरडत होती म्हणून त्यांनी यंत्राचा जोर एवढा उतरवला, की बारीक साखळी असती तरी ती त्याला ऐकू आली नसती. त्यात साखळी ही शोधायला सगळ्यांत अवघड वस्तू. अंगठी एक अखंड कडं असते, ती ठणठणीत वाजते. साखळी म्हणजे एकेक सुटी कडी, आणि अशा यंत्राला ती तेवढीच दिसते. त्यामुळे आळ्यांपुरतं आपण काही शोधलंच नाही असं धरा, आणि मी परत येईपर्यंत कासमला हलवू नका.

"अहो भाऊ, तिकीट रविवारचं आहे."

"रविवारच्या आधी शुक्रवार येतो. आणि तोवर नारळांना पाणी देऊ नका."

हा दुसरा भाग जहूरने कासमला सांगितला तेव्हा कासम पहिल्यांदा भांडला. या उन्हात झाडं तहानलेली ठेवायची, ती पण कोणा मशीनवाल्यासाठी. पण शेवटी त्याने नारळांकडे जाणारा पाइप बंद केला.

शुक्रवारी पाष्टे आले ते थेट कासमकडे गेले. मागच्या खेपेला ते त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. चूक तिथेच झाली असावी, असा त्यांचा अंदाज होता. खजुराखालच्या मातीवर यंत्र एवढं ओरडलं नव्हतं. विहीर एकच, पाणी एकच, मग नारळाच्याच आळ्यात वेगळं काय?

कासम पंपाच्या खोलीशी कप घेऊन बसला होता. पाष्टे त्याच्या शेजारी उकिडवे बसले.

"कासमभाई, आळ्यात काय काय टाकता?"

"काय टाकनार? मासल्याची घान. शेन मिलला तर शेन." कासमने त्यांच्याकडे बघितलं नाही. "आनि मीठ."

"मीठ?"

"नारलाला मीठ घालतात. तुमच्या गुहागरात नाय घालीत?"

पाष्ट्यांना हसू आलं. "घालतात. माझा बाप दरवर्षी घालायचा. मीच डोक्यावर पोती वाहिलीत."

मिठाची गोष्ट बागेच्या मालकाला, मुआजला, ठाऊक होती, हे जहूरने तेव्हा सांगितलं. त्याने एकदा कासमला मिठाची गोणी फोडताना पाहिलं आणि तो पोट धरून हसला होता. या किनाऱ्यावर आम्ही सगळे पाण्यातल्या मिठाच्या नावाने रडतो, आणि तुझा माणूस दुकानातून विकत आणून वर घालतो, असं तो जहूरला म्हणाला होता. कासमने ते ऐकून घेतलं आणि मीठ घालणं चालू ठेवलं. श्रीवर्धनला घालतात म्हणजे घालतात. गेल्या महिन्यात त्याने सगळ्या आळ्यांत भरपूर घातलं होतं, आणि त्यावर रोजचं पाणी.

साखळी माशाच्या घाणीतून गेली असेल, तर त्या दिवशीची घाण ओळखायला हवी होती. म्हणून पाष्ट्यांनी मग सुरैयाला विचारलं, त्या दिवशी मासा कुठला होता. ती थोडी वैतागली. खिडकीत ठेवली होती असं कितीदा सांगायचं, माशाचा काय संबंध. तरी तिला आठवत होतं. मस्कतहून पाहुणे यायचे होते म्हणून जहूरने मोठी तांब आणली होती. एरवी घरात बांगडा नाहीतर तारली.

कासम उठून उभा राहिला. "तांब एकदाच आली या म्हयन्यात. तिची खवला मोठी, लाल. कुजत नाय लवकर." त्याने रांगेच्या टोकाकडे हात केला. "त्या दोघांतला एक झाड. पाली त्यांची व्हती."

संशय आल्यापासून कासमला घाण कुठे पुरली हे कोणीच विचारलं नव्हतं. त्याचं उत्तर खरं मानावं लागलं असतं, ही त्यातली अडचण. पाष्ट्यांनी ते मानलं आणि कामाला लागले.

यंत्र जमिनीवर न्यायचंच नाही, असं त्यांनी येतानाच ठरवलं होतं. खाऱ्या मातीचा मोठा थर चकतीखाली आला तर ती ओरडणारच. तीच माती मूठभर असेल, आणि कोरडी असेल, तर तिचा आवाज जवळजवळ उरत नाही. म्हणून माती चकतीकडे आणायची. जहूरने चकती ठेवायला एक लाकडी खोकं आणून दिलं. पाष्ट्यांनी त्यावरून चकती फिरवली आणि खिळे वाजले. मग भाजीचा प्लास्टिकचा क्रेट आला. तो उलटा घालून चकती वर तोंड करून ठेवली. दांडा विटेला टेकवून असा बसवला की तो जराही हलू नये. पंप बंद केला, कारण मोटरचा आवाज हेडफोनमध्ये येतो. जहूरचा मोबाइल आणि गाडीच्या किल्ल्या घरात गेल्या. माती घ्यायला न्हाणीघरातला प्लास्टिकचा मग.

कासम फावड्याने आळ्याचा थर काढून ताडपत्रीवर पातळ पसरायचा. चार-पाच दिवस पाणी न मिळालेली माती वर कोरडी होती, खालची उन्हात लवकर सुकत होती. सुकली की जहूर मगाने ती चकतीवरून नेऊन पलीकडे ओतायचे. पाष्टे डोळे मिटून ऐकत होते. मग फार भरलेला नको, फार वरून नको, घाई नको. प्रत्येक मग एकाच उंचीवरून, एकाच चालीने. जहूरची चाल बिघडली की ते हात वर करायचे आणि तोच मग पुन्हा न्यायला लावायचे. ट्रकमधून माल उतरवून घेणाऱ्या माणसाला हे जड जात होतं.

मधेच सुरैया बघायला वाकली आणि यंत्र हेडफोनबाहेरही ऐकू येईल एवढं ठणाणलं. जहूरच्या हातातला मग पडता पडता राहिला.

"भाभी, त्या तुमच्या बांगड्या," पाष्टे डोळे न उघडता म्हणाले. "त्या सोन्याचा पत्ता आपल्याला माहीत आहे."

सुरैया हसली आणि हात मागे बांधून दूर उभी राहिली.

पहिल्या झाडाच्या आळ्यात बांगडा माशाचे काटे निघाले, तारलीची बारीक खवलं निघाली, लाल खवल एकही नाही. दोनदा आवाज चढला. पहिल्यांदा दुधाच्या डब्याच्या तोंडावरची चंदेरी पन्नी निघाली, दुसऱ्यांदा त्याच पन्नीचा तुकडा. जहूर आता दमले होते. पन्नीचा आवाज गाळता येत नाही का, असं त्यांनी विचारलं. यंत्रावर तसं बटण होतं.

"येतं. पण पातळ सोनं आणि पन्नी यांचा आवाज एकच. पन्नी नको म्हटलं, की सोनंही नको म्हणावं लागतं. कचरा काढायचा कंटाळा असेल तर शोधायलाच बसू नये."

दुसऱ्या झाडाच्या आळ्यात, वीतभर खाली, कासमचं फावडं थांबलं. त्याने हाताने माती बाजूला केली आणि बोटाच्या पेराएवढं एक खवल पाष्ट्यांसमोर धरलं. माती लागलेली होती तरी कडेला लाली दिसत होती. मग त्याने फावडं ठेवून दिलं आणि त्या जागेची माती दोन्ही हातांनी, ढेकूळ न फोडता, ताडपत्रीवर आणून ठेवली. तिच्यात माशाच्या डोक्याची हाडं होती, मुळांची जाळी होती, आणि कागदाचा काळपट लगदा.

ती सुकायला वेळ लागला. मग जहूर मग भरायला लागले. एक गेला, दुसरा गेला. पुढच्या एका मगाला पाष्ट्यांनी बोट वर केलं. जहूरला वाटलं चाल चुकली. त्यांनी तोच मग पुन्हा नेला, पुन्हा बोट वर. आवाज म्हणावा असा नव्हता, असं पाष्टे नंतर म्हणाले. घरघरीने एकदा श्वास घेतल्यासारखं वाटलं, एवढंच. त्यांनी मगातली अर्धी माती बाजूला काढायला लावली. उरलेली अर्धी नेली, गप्प. बाजूला काढलेली नेली, पुन्हा तोच चढ. तिचीही अर्धी केली. शेवटी मगात लगद्याचा सुपारीएवढा गोळा राहिला.

पाष्ट्यांनी हेडफोन काढला आणि गोळा सुरैयाच्या हातात दिला. तिने तो बोटांनी हळूच उकलला. वर्तमानपत्राच्या कागदाच्या घडीत साखळी गुंडाळून बसली होती. दोन ठिकाणी मूळ तिच्यातून आरपार गेलं होतं.

त्या कागदाकडे बघताना सुरैयाला सगळं आठवलं. मासे साफ करताना ती खाली वर्तमानपत्र पसरायची. त्या दिवशी मासा मोठा म्हणून कागदही जास्त घेतले होते, ओट्यावरून खिडकीच्या कट्ट्यापर्यंत. साखळी तिने खिडकीतच ठेवली होती. पण खिडकीत तेव्हा कागद होता. काम झाल्यावर तिने घाणीसकट सगळा कागद गुंडाळला आणि बादलीत टाकला.

तिने हे मोठ्याने सांगितलं, नवऱ्याला नाही, कासमला.

"कासमभाई, मी तोंडाने कधी काही बोलले नाही," ती म्हणाली. "पण मनात आणलं. माफी द्या."

"बादली तुमी सोता न्यायला लागलात, तवाच समजला मना." कासमने हात पंचाला पुसले. "माफी कसली, भाभी. झाडांना पानी सोडतो आता. बस झाला."

तो पाइपकडे निघाला. जहूर त्याच्यामागून गेले. तिकीट रद्द करतो, आजच करतो, असं म्हणाले. कासमने पाइपची चावी फिरवली, पाणी आळ्यात पोचेपर्यंत बघत राहिला, आणि मग बोलला.

"रद नको करू. दोन रमजान झाले, घरी गेलो नाय. मी जातो." वाकून पाइप सरकवत तो म्हणाला, "परतीचा पन काड. कुठल्या दिवशीचा ते मी सांगन."

जहूरने मान हलवली. सुरैया आत चहा ठेवायला गेली. कासमच्या परतीच्या गोष्टीने सगळ्यांना मोकळं वाटलं होतं आणि दिवस तिथेच संपायला हरकत नव्हती. पाष्टे मात्र क्रेटवर बसून राहिले.

"जहूरभाई, मागच्या आठवड्यात माझं मशीन काय म्हणालं, ते तुम्ही कोणाकोणाला सांगितलंत?"

जहूरने दोनतीन नावं घेतली. अलीमियाँ, दुकानात नेहमी बसणारे. आणखी कोणी. त्यांच्याकडून पुढे किती जणांना कळलं, ते सांगता येत नव्हतं.

"मग त्यांना आता सांगा."

भेटले की सांगतो, असं जहूर म्हणाले. पाष्टे म्हणाले, तुम्ही त्यांना सांगितलंत ते माझ्या नावावर सांगितलंत, म्हणून मला घाई आहे. जहूरने घरातून मोबाइल आणला आणि अलीमियाँना फोन लावला. आधी तब्येत झाली, मग दुकान झालं. मग साखळी मिळाली, अल्हम्दुलिल्ला, असं त्यांनी सांगितलं आणि ते फोन ठेवायला निघाले.

"कुठे मिळाली ते राहिलं," पाष्टे म्हणाले.

जहूरने फोन कानावरून काढला नाही. "बागेत मिळाली. माशाच्या कचऱ्यात गेली होती. आमच्याच हातून." ते थांबले. पाष्टे त्यांच्याकडे बघत होते. "कासमचा काही संबंध नव्हता, अलीमियाँ. चूक आमची. तुम्ही ज्यांना बोललात, त्यांनाही तेवढं सांगा."

पाइपशी उभा असलेला कासम पाण्याकडे बघत होता. त्याने ऐकलं की नाही, ते कळलं नाही.

दुसऱ्या नंबरवर कोणी फोन उचलला नाही. संध्याकाळी करतो, म्हणत जहूरने मोबाइल खिशात टाकला.

"लावा परत," पाष्टे म्हणाले. चकतीवरची माती ते अंगठ्याने पुसत होते. "अजून चहा यायचाय, मी काही लगेच निघत नाही."